कडजाईच्या देवळातली फट

दसऱ्याचं आलात, बरं केलंत. ही दरीकडच्या भिंतीतली वीतभर फट बघितलीत? कडजाईच्या देवळाला गावाने नवा कळस चढवला, फरशी घातली, पण हिला गवंड्याला हात लावू दिला नाही. बसा, सांगते.

फार मागची गोष्ट. येसू गुरवीण तेव्हा नवी सून होती. नवरात्राचा घट आणि त्यात पेरलेली धान्याची रुजवण तिच्याकडे, आणि सासू काशाक्का म्हणजे जमदग्नीच! तिचा एकच धोशा, "घट रोज फिरव गं. रुजवण एका अंगाला झुकली तर गावात नाक कापलं जाईल माझं."

तिसऱ्या माळेला परतीच्या पावसाने वरचा कडा सुटला. येसू आत असतानाच दरड आली आणि देऊळ गाडलं गेलं. वाडीची माणसं दाराकडून माती उपसत होती, पण जेवढी काढावी तेवढी वरून येई. आत तेल संपलं, दिवा विझला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

देवीपुढचे नारळ फोडून येसू तगली, असं सांगतात. रडली, देवीशी भांडलीसुद्धा. पण सासूचा धाक असा अंगात मुरलेला, की त्या काळोखातही तिने चाचपडत घट फिरवला. झोपून उठली, कोंबांवर हात फिरवला, तर सगळे दरीकडे झुकलेले. "मेल्यांनो, मला बोलणी खायला लावता काय?" म्हणत तिने घट पुन्हा फिरवला. उठून बघते तर पुन्हा दरीकडेच! तेव्हा तिला एकदम उमगलं. घट कसाही ठेवा, ह्यांची मान तिकडेच. म्हणजे तिकडे उजेड आहे, तिकडची भिंत पुरती मातीखाली गेलेली नाही. माणसाच्या डोळ्याला न दिसणारी तिरीप त्या बोटभर कोंबांना कळली होती.

समईचा दांडा घेऊन ती भिंत उकरायला लागली. बोटं सोलवटली, पण शेवटी एक चिरा निखळला आणि वारा आत आला. तिने मूठभर रुजवण फटीतून बाहेर धरली. ती पहिल्यांदा दिसली म्हणे काशाक्काला. तिच्या हाकेसरशी माणसं धावली, आणखी चिरे काढून येसूला बाहेर घेतलं. सासूला बघताच पोर घाबरून म्हणाली, "आत्याबाई, रुजवण वाकडी झाली हो."

काशाक्काने तिला पोटाशी धरलं. "होऊ दे गं बाय! तू हाताला लागलीस, मला सगळं पावलं."

बाकीचे चिरे मागाहून बसवले, येसूने काढलेल्या चिऱ्याची ही फट तेवढी ठेवली. आजही आम्ही घट ह्या फटीसमोर मांडतो आणि नऊ दिवस कुणी फिरवत नाही. दसऱ्याला ती वाकडी रुजवण सासूने सुनेच्या अंबाड्यात माळायची, कितीही भांडण असलं तरी. सकाळीच माझं नि सुनेचं चांगलं वाजलंय. पण ती बघा, अंबाडा घालून कधीची पायरीवर बसलीय.