घडीवांचं बारसं

भोळी माणसं गावोगाव असतात. चिंचखेड्याच्या वाट्याला महिपत आला होता. अंगानं धिप्पाड, मनानं निर्मळ, आणि सांगितलेलं काम सांगितलं तसंच करणारा. त्याच्या या गुणाचा गावानं इतका धसका घेतला होता की त्याला सहसा कुणी काम सांगत नसे.

त्याच गावात लिंबाजी सुतार राहायचे. बाभळीच्या लाकडाची माणसं घडवावी तर त्यांनीच. गाव त्या माणसांना घडीव म्हणे. घडीव पुतळ्यासारखा उभा असायचा. त्याचं नाव ठेवलं की डोळे उघडायचा, आणि मग त्या नावानं हाक मारून जे सांगाल ते करायचा. बोलायचा नाही. एकदा ठेवलेलं नाव बदलता यायचं नाही.

त्या वर्षी गावाच्या तळ्याच्या बांधाला भोक पडलं. पाणी वाहून जायला लागलं. तळं आटलं तर गुरांना पाणी नाही, माणसांना नाही, आणि भात तर विसरायचाच. लिंबाजी चावडीवर उभे राहिले आणि म्हणाले, "माझा घडीव भोकात उभा करतो. मागून तुम्ही माती भरा. पाणी नाही थांबलं तर या गावात तोंड दाखवणार नाही."

बोलून गेले खरे, पण अडचण निराळीच होती. बारशाला नाव आत्या ठेवते, आईबाप नाही. घडीवांचंही तसंच. लिंबाजींना सख्खी बहीण नव्हती. महिपतची आई गोजराबाई त्यांना भाऊबीजेला ओवाळायची, तीच आजवर घडीवांची आत्या. ते धावत तिच्याकडे गेले.

"दादा, चुलीवर भाकरी आहे," गोजराबाई म्हणाली. "माझ्या पोराला न्या. नाव ठेवायला काय अक्कल लागते?"

लिंबाजींकडे बिननावाचे चार घडीव तयार होते. त्यांनी महिपतला पहिल्या घडीवासमोर उभं केलं. "हे बघ, असं नाव ठेव की हाक मारल्याबरोबर धावत आला पाहिजे."

महिपतनं विचार केला. कशानं माणूस धावत येतो? त्यानं घडीवाचं नाव ठेवलं, 'आग लागली'.

लिंबाजी घाईत होते. बांधावर जाऊन जोरात ओरडले, "आग लागली! आग लागली! लवकर ये!"

घडीव धावत निघाला. त्याच्या मागून सगळं गाव धावत निघालं. घागरी, कळश्या, बादल्या, जे हाताला लागेल ते. माती भरणाऱ्यांनीही पाट्या टाकल्या. आग काही सापडेना. पण भरलेल्या घागरी तशाच परत कशा न्यायच्या? लोकांनी त्या पाटलांच्या कडब्याच्या गंजीवर ओतल्या. पाटील म्हणाले, "पुन्हा या नावानं हाक मारलीत तर याद राखा." पहिला घडीव भिजलेल्या गंजीजवळ उभा राहिला तो राहिलाच.

लिंबाजी कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, नाव माणसाचं ठेवावं! चांगल्या, मानाच्या माणसाचं!"

"आधी नाही सांगितलंत," महिपत म्हणाला.

दुसऱ्या घडीवाचं नाव त्यानं ठेवलं, 'जयवंतराव पाटील'. गावात त्याहून मानाचं माणूस नव्हतं.

आता खरे जयवंतराव पाटील बांधावरच खुर्ची टाकून बसलेले. भोक मघापेक्षा मोठं झालेलं. लिंबाजींनी दोनदा खाकरून घेतलं.

"जयवंतराव पाटील... जरा चिखलात उतरता का?"

"मी?" पाटील म्हणाले.

"तुम्ही नाही हो, पाटील. हा."

"मग याला 'उतरता का' का म्हणालात?"

"तुमचं नाव घेऊन 'उतर रे' कसं म्हणू?"

पाटील लालबुंद झाले. आपल्या नावाचं कुणी चिखलात उतरायचं नाही, असा त्यांनी हुकूम केला आणि घडीव स्वतःच्या ओसरीवर नेऊन बसवला. तो तिथं गप्प बसायचा आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. पुढं लोक तंटे घेऊन त्याच्याकडेच जायला लागले, ती गोष्ट वेगळी.

"महिपत," लिंबाजी दात आवळून म्हणाले, "मोठ्यांची नावं अशी चारचौघांत ओरडायची नसतात. नाव हळूच कानात सांगायचं. बारशाला सांगतात तसं!"

"हां," महिपत म्हणाला.

तिसऱ्या घडीवाच्या कानाशी तो वाकला आणि पुटपुटला. घडीवानं डोळे उघडले. लिंबाजींना हायसं वाटलं.

"काय ठेवलंस?"

"कानात सांगितलंय."

"मग माझ्या कानात सांग."

"तुमचं बारसं झालंय, मामा."

लिंबाजींनी त्याला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. "सांग! पाणी चाललंय!"

महिपतनं आठवून पाहिलं. "इतकं हळू सांगितलं की मलाच नीट ऐकू आलं नाही."

मग सगळ्यांनी मिळून गावातली सगळी नावं घेऊन पाहिली. ज्याचं नाव घेतलं तो माणूस येऊन "काय?" म्हणायचा. घडीव तेवढा हलला नाही. इकडे तळं निम्म्यावर आलं होतं.

लिंबाजींचा आवाज आता रडका झाला होता. एकच घडीव उरला होता. ते महिपतपुढं हात जोडून म्हणाले, "बाळा, असं नाव ठेव जे तू जन्मात विसरणार नाहीस. आणि ते मला मोठ्यानं सांग."

महिपतनं घडीवाकडं पाहिलं. मग म्हणाला, "महिपत."

घडीवानं डोळे उघडले.

"चला, निदान माणसाचं तरी आहे," लिंबाजी म्हणाले. "महिपत! भोकात उभा राहा! हलू नकोस!"

घडीव भोकात जाऊन उभा राहिला. पाणी थांबलं. गावानं आरोळी ठोकली. पाट्यांवर पाट्या माती पडायला लागली. पाटलांनी खुर्चीवरून उठून लिंबाजींची पाठ थोपटली. लिंबाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. महिपत बांधावर तळ्याकडं पाठ करून आरामात बसला. त्याचं काम झालं होतं.

दुपार झाली. बांधाखालीच गोजराबाईचं घर. तिनं दारात येऊन हाक मारली, "महिपत! ए महिपत! भाकरी निवतेय, ये जेवायला!"

घडीव भोकातून निघाला आणि जेवायला गेला.

ओली माती पाण्याबरोबर धडाधड खाली आली.

"महिपत, मागं फिर!" लिंबाजी ओरडले. घडीव फिरला.

"महिपत, भरल्या ताटावरून उठायचं नाही!" धुरानं डोळे चोळत गोजराबाई आतून ओरडली. घडीव परत जाऊन पाटावर बसला.

"महिपत, भोकात!"

"महिपत, पाटावर!"

घडीव आज्ञाधारक. तो गेला आणि आला, आला आणि गेला. तो गेला की पाणी सुटायचं, आला की थोडं थांबायचं, आणि दर खेपेला भोक वाढायचं. शेवटी पाणी गोजराबाईच्या चुलीत शिरलं. ती पदर खोचून तरातरा बांधावर आली. बघते तर तिचा लेक कोरडा ठणठणीत बसलेला.

"मेल्या, कधीची हाका मारतेय! भूक नाही तुला?"

"लई लागलीय," तो कळवळून म्हणाला. "पण मला कुठं बोलावलंस? ते नाव मी त्याला देऊन टाकलं."

"मग घे परत!"

"दिलेलं परत मागायचं नाही. तूच शिकवलंस, आई."

 आता भोकात दोन घडीव मावतील एवढी जागा झाली होती. लिंबाजींना दुसरं काही सुचेना. ते गोजराबाईच्या लेकाकडं हात करून जिवाच्या आकांतानं ओरडले, "अरे ए! तू! तू तरी उतर भोकात!"

मामा कुणाला बोलावताहेत ते पाहायला त्यानं मागं वळून पाहिलं.

मागं कुणीच नव्हतं. तळंही नव्हतं.