गाळलेल्या तेलाचा रिपोर्ट

कागद गिरणीतलं मोठं बेअरिंग जळालं आणि देशमाने साहेबांनी ऑइलमन खंडेरावाला चौकशीला उभं केलं.

"दर महिन्याला तेलाचा रिपोर्ट स्वच्छ आलाय. म्हणजे हयगय तुझीच. नोकरी गेली समज!"

तेल बेअरिंगमधून फिल्टरमध्ये जायचं. तपासणीसाठी तेलाचा नमुना काढायची तोटी मात्र साहेबांनी फिल्टरच्याही पुढे बसवून घेतलेली, कारण बेअरिंगपाशी त्यांचे बूट माखायचे. खंडेराव तेव्हाच नको म्हणाला होता.

त्याने साहेबांचाच चहाचा कप पुढे सरकवला. "यात पत्ती किती टाकली होती, सांगा बघू."

"गाळलेल्या चहात पत्ती दिसते का रे, मूर्खा?"

"मग गाळलेल्या तेलात बेअरिंगचा चुरा कसा दिसावा, साहेब?"

तोटी फिल्टरच्या अलीकडे आली. खंडेरावाची नोकरीही वाचली. फक्त बदली झाली, कॅन्टीनमध्ये, चहा गाळायला.