फ्रुमाच्या ताटातलं उष्टं

तुमच्या-माझ्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. दूर बर्फाच्या मुलखात, नदीकाठी यहुद्यांचं एक गाव होतं. पल्याडच्या काठावर त्यांचे म्हातारे धर्मगुरू राहत. त्यांना सगळे रब्बी म्हणत.

शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ लागायचा, विसाव्याचा पवित्र दिवस. मग प्रवास बंद, कामं बंद. त्या रात्री रब्बी दोन घास खाऊन ताट पुढे सारत आणि शिष्य त्या उष्ट्यावर तुटून पडत. गुरूचा प्रसाद ना तो! सगळ्यांत पुढे फायवेल. त्याच्या भक्तीची गावभर वाहवा.

आणि घरी बायको, फ्रुमा. ती आठवडाभर लोकांच्या बदकांची पिसं उपटायची, म्हणून ह्याला पोथ्या वाचायला फुरसत. शब्बाथच्या मेणबत्त्या ती एकटी लावायची, एकटीच जेवायची.

एका शुक्रवारी ती म्हणाली, "आज घरी जेवा. नाहीतर शब्बाथ संपला की मी भावाकडे चालले, कायमची. बोचकं बांधलंय."

"अगं, रब्बींचा प्रसाद चुकेल!"

"मग त्यांच्याशीच संसार करा."

तरी फायवेल गेलाच. गोठलेली नदी ओलांडून पोचतो, तर रब्बींची खुर्ची रिकामी.

"ते पुलावरून तुझ्याच घरी गेलेत," एक शिष्य हसला. "पळ, दिवस मावळतोय!"

फायवेल धापा टाकत घरी आला. मेणबत्त्या नुकत्याच लागल्या होत्या. चुलीपाशी रब्बी बसले होते.

"घरधनी तू," ते म्हणाले. "द्राक्षारसाच्या प्याल्यावर प्रार्थना तू म्हण."

फायवेल अडखळला. स्वतःच्या घरात ती म्हटल्याला वर्षं लोटली होती.

फ्रुमानं मासा वाढला. रब्बी हात लावेनात.

"बरा नाही का झाला?"

"आधी तू जेव, लेकी."

ती अर्धंमुर्धं जेवली. रब्बींनी तिचं ताट ओढलं आणि खाऊ लागले.

"रब्बी! बायकोचं उष्टं?" फायवेल ओरडला.

"का? माझं चालतं तुला. मी तर बसून प्रार्थना करतो. तिचे हात बघ, सालटं निघालीत. तुला प्रार्थनेला मोकळं कुणी ठेवलं? तिच्या ताटाला कधी शिवलास?"

फायवेलनं हात पाहिले. दारामागचं बोचकंही पाहिलं.

"फ्रुमा, थोडं उरलंय. मी घेऊ?"

तिनं ताट त्याच्यापुढे सारलं. म्हणाली, "घ्या. काटे बघून खा."

दुसऱ्या दिवशी तारे उगवले, शब्बाथ संपला. फ्रुमानं बोचकं सोडलं. त्यात तिचा एक झगा होता आणि त्याचे रफू करायचे मोजे. ती मोजे घेऊन बसली. तो पिसं उपटायला बसला. जमेना, तर तिनं चार शिव्या हासडून शिकवलं.

पुढे शिष्य विचारायचे, "शुक्रवारी फायवेल का येत नाही?"

रब्बी म्हणायचे, "त्याला प्रसाद मिळाला."

घरच्या कष्टाला जो हात जोडत नाही, त्याची गुरूच्या दारातली भक्ती म्हणजे नुसतं सोंग.