सगळ्यांसाठी उघडी बकेट

शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच आहेत. शाळा लवकर सुटली, माफ करा. पण डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

आमच्या दवाखान्यात रुग्णांचे रिपोर्ट क्लाउडवरच्या एका बकेटमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद कप्प्यात, ठेवतात. मीटिंगमध्ये अध्यक्ष भाऊसाहेब चिडले, "सारखा पासवर्ड काय मागता? बकेट सगळ्यांसाठी उघडी करा! आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

बकेटची सेटिंग बदलायचा कन्सोल मोठ्या पडद्यावर होता आणि माउस माझ्या हातात. माझी आत्या गावाला कळेल या भीतीनेच गाठीची तपासणी टाळत होती. माझं बोट हलेना.

"दाब की रे, मुहूर्त बघतोस का?" भाऊसाहेब माझ्यावर खेकसले.

तेव्हा आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख हेमांगीताई शांतपणे म्हणाल्या, "करू या, साहेब. फक्त सगळ्यांना दिसतं का, ते एका फाईलवर तपासावं लागेल. परवाचा तुमचाच रिपोर्ट या पडद्यावर लावू?"

भाऊसाहेबांनी टोपी सारखी केली. "नको. कुलूप राहू दे."

एवढा मोठा माणूस एका प्रश्नाने थांबला! मी ताईंकडे बघतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला हे सगळं सांगितलं आणि तिला स्कूटरवर बसवून तपासणीला आणलं.