बैगालीच्या दोरीतली गाणी

एका राज्यात, जिथं गवताला काठ नव्हता आणि आभाळाला खांब नव्हता, बैगाली नावाचा कवी राहत होता. घोड्यावर बसावं, तंबूतंबूंतून हिंडावं, म्हाताऱ्याकोताऱ्यांची गाणी गोळा करावी, हे त्याचं व्रत. गाणं ऐकलं की तो घोड्याच्या केसांच्या दोरीला गाठ मारी. गाठ बसली की गाणं तीत राहायला येई.

त्या मुलखाची रीत होती, की ज्या घरचं गाणं घ्यावं त्या घरी निघताना आपलं एक ठेवावं. जिबेक आजी एकटी राहायची. तिनं बैगालीला घोडीचं दूध पाजलं, गेलेल्या लेकाचं पाळणागीत गायलं. बैगालीनं गाठ मारली नि घोड्याला टाच दिली.

“अरे, माझ्या घरी काही ठेवशील की नाही?”

“पुढच्या खेपेला, आजी! अजून पुष्कळ गोळा करायचंय.”

“पोतं भरलं तरी तुझी भूक भरत नाही. बांधलंस ते बांधलेलंच राहो!”

आजी दुखावली होती, म्हणून निघालं तोंडून. पण दुखावलेल्या जिवाचा शब्द वाया जात नाही. राज्यातल्या सगळ्या ओठांवरून गाणी उडाली आणि बैगालीच्या गाठींत अडकून बसली. तिथं बुजलेल्या मेंढीला गाऊन आळवावं लागतं, तेव्हा ती पिलाला जवळ घेते. आता मेंढ्या कोकरांना लाथा मारू लागल्या. बैगाली घरी आला, तर बायको अकबोता पोटच्या तान्ह्याकडे परक्यासारखी बघत होती.

“हे कुणाचं हो? ह्याची आई कुठंय पाजायला?”

बाळ रडून रडून थकलं होतं.

आपण घुबड दिसलं की अशुभ मानतो. तिथं त्याचं पीस शुभ म्हणून पाळण्याला बांधतात. ते पीस हललं, त्याचं घुबड झालं आणि बोललं, “कविराज, तीन दारी जा. ज्याचं त्याला दे. पण सोडलेल्या गाठीतलं गाणं तुझ्या स्मरणात उरणार नाही.”

बैगाली धनगराच्या दारी गेला. गाठ सोडली, मेंढी आळवायचं गाणं धनगराच्या गळ्यात शिरलं, कोकरू ढुशा देत पिऊ लागलं. मग राजाच्या दारी गेला. राजाचा भाऊ वारला होता, पण विलापगीतावाचून राजाला रडू येत नव्हतं, डोळ्यांची गारगोटी झाली होती. गाठ सुटली, राजा गायला आणि हमसून हमसून रडला.

तिसरं दार जिबेक आजीचं. तिचं पाळणागीत तिला मिळालं. तरी घुबड म्हणालं, “बाळ अजून उपाशी आहे.”

बैगाली समजला. ठेवायचं राहिलं होतं. दोरीच्या मुळाशी पहिली गाठ होती, त्याच्या आईच्या अंगाईची. आई गेली तेव्हा तेवढाच तिचा आवाज मागे राहिला होता.

आजीनं त्याचा चेहरा ओळखला. “राहू दे रे लेकरा. मी नाही मागत.”

“तुम्ही नका मागू, आजी. मला द्यायचंय.”

बोटांनी सुटेना, त्यानं दातांनी सोडली. एकदाच गायला, आणि विसरला. आजीनं ते ऐकलं, पुन्हा गुणगुणलं. तशा उरलेल्या साऱ्या गाठी आपोआप उलगडल्या, गवतातून चंडोल उडावेत तशी गाणी घरोघरी गेली.

बैगाली रिकामी दोरी घेऊन घरी आला. अकबोताच्या पदराखाली बाळ चुटूचुटू पीत होतं, आणि ती गात होती.

“कुणाचं गं हे गाणं? किती गोड आहे!”

“जिबेक आजीच्या तंबूकडून वाऱ्यावर आलं. तुम्हाला कसं नाही येत? तुम्ही तर कवी!”

“नाही येत,” तो तिच्यापाशी बसला. “शिकव मला.”

बैगाली पुन्हा हिंडू लागला. पण दारी एक ठेवल्याशिवाय एक उचललं नाही. पुढे त्याचं नाव एवढ्या गोष्टीपुरतंच उरलं. त्या राज्यातला पाहुणा मात्र अजून गायल्यावाचून उंबरा ओलांडत नाही. जसं त्या तान्ह्याला आईचं दूध मिळालं, तसं ऐकणाऱ्या सगळ्यांच्या लेकरांना मिळो.