नागकेशराचा लेप

देवराईतला हा नागकेशर एकटाच. आसपासच्या डोंगरांत दुसरा शोधून दाखवा. पांढरी फुले, मधोमध पिवळे केशर, आणि लाकूड असे की कुऱ्हाडीला घाम फुटावा. त्याच्या बियांच्या तेलात केशर खलून गुरवांच्या बायका जखमेवर लेप देतात. पाहुण्यांना हे सांगता सांगता म्हातारे गुरव बुंध्यावरच्या जुन्या खाचांवरून हात फिरवतात, आणि मग कथा सुरू होते.

गडाच्या दरवाजाला अडसर हवा होता म्हणे. हवालदाराने माणसे धाडली. रवळू गुरव झाडाला पाठ लावून उभा राहिला. आधी माणूस तोडा, मग झाड, असा हुकूम सुटला. पुढचे पाहायला गावातले कोणी थांबले नाही. त्या लाकडावर कुऱ्हाडी तुटल्या, तेव्हा कुठे ती टोळी शिव्या देत परतली.

रवळूची बायको भागू लेपाचे भांडे घेऊन धावत आली. बुंध्याशी रक्ताचे थारोळे, त्यात एक परका तरुण, मांडी हाडापर्यंत फाटलेली. नवरा कुठेच नाही. मारून ओढत नेला, अशीच तिची खात्री झाली. तरुणाने भांड्याकडे हात पसरला.

"खंयचो रे तू?" तिने विचारले.

"गडावरचो," तो म्हणाला.

भागूचे डोके फिरले. वर्षभराचा लेप तिने त्याच्या डोळ्यांदेखत मातीत ओतला, वर पायाने कालवला, आणि तो तडफडून थंड होईपर्यंत बघत उभी राहिली. तिला बरे वाटले, असेही सांगतात. लपवायचे कशाला?

एवढ्यात ओढ्याकडून रवळू आला. एका खांद्यातून रक्त गळत होते, दुसऱ्या हातात पानांच्या द्रोणात पाणी. त्या तरुणाला पाजायला आणलेले.

"माझ्यावरचो घाव ह्येनी आपल्या आंगावर घेतल्यान," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

भागूने माती खरवडली, चिखल पिळून पाहिला. रवळूच्या खांद्याला लावायला थेंबही निघाला नाही. जखम चिघळली आणि तोही गेला.

भागू पुढे पुष्कळ जगली. कैक वर्षांनी, शिकारीत डुकराने फाडलेल्या त्याच हवालदाराला लोकांनी तिच्या दारात आणून टाकले. तिने त्याला ओळखले होतेच. तो नाव सांगू लागला, तशी तिने त्याच्या तोंडावर हात दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने जखमेत लेप भरला.

आजही इथली गुरवीण लेप लावण्याआधी जखमी माणसाच्या तोंडावर हात ठेवते. नाव, गाव सगळे नंतर. पुष्कळजण बरे होऊन ते न सांगताच निघून जातात.