नाव नाही, फक्त नंबर

एकदा एक इंटरनेटवाला होता. दृष्टांतात राजा असावा, ऋषी असावा, निदान एखादा सावकार तरी असावा, हे मलाही ठाऊक आहे. पण काळ बदलला की दृष्टांतातली माणसेही बदलतात, त्याला इलाज नाही. तर हा श्रीरंग नावाचा गृहस्थ एका तालुक्याच्या गावी राहत असे. खांबावरून खांबावर केबल ओढून त्याने सहाशे घरांत इंटरनेट नेले होते. माणूस सज्जन आणि कामाला वाघ. वादळात केबल तुटली तर नोकरांवर न सोडता स्वतः शिडी घेऊन निघे.

त्याच्या गुरू म्हणजे यमुनाबाई खांबेटे. गावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्या एकतीस वर्षे ऑपरेटर होत्या. त्या काळी फोन उचलला की थेट पलीकडच्या माणसाला लागत नसे. आधी बाई विचारत, ‘कोण हवंय?’ आणि मग हाताने तार जोडून देत. लग्ने, भांडणे, आजार, उधाऱ्या, साऱ्या गावाचे बोलणे त्या एका बाईच्या हातांखालून जाई. निवृत्तीनंतर त्यांनी एसटीडी बूथ काढला आणि कॉलेजात जाणारा श्रीरंग तिथे त्यांच्याकडून तारांचे काम शिकला. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावले होते, “गिऱ्हाईक बोलायला लागलं की आपण तोंड रस्त्याकडे करायचं.” श्रीरंगने तसे केले, पण त्याला तो नुसता शिष्टाचार वाटला.

पुढे एक दिवस श्रीरंगकडे शहरातून एक व्यापारी आला. गोड बोलणारा, हसतमुख. त्याने एक लहानशी पेटी पुढे ठेवली. म्हणाला, “ही तुमच्या केबलला जोडा. कोणत्या घरातून इंटरनेटवर काय काय पाहिलं जातं, ते ही टिपून घेईल, आणि त्या त्या घराला त्याच्या कामाच्याच जाहिराती दिसतील. जाहिराती काय, नाहीतरी दिसणारच! मग निदान उपयोगाच्या दिसू देत की.”

“आणि लोकांची नावं?” श्रीरंगने विचारले.

“छे छे! नाव कुणाचंच नाही. फक्त नंबर.”

श्रीरंगचा जीव भांड्यात पडला. मोबदलाही भरघोस होता; जुनी केबल काढून सबंध गावात नवी टाकता आली असती. त्याने महिनाभराच्या चाचणीसाठी पेटी जोडली, आणि कुणाला विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात आहे, हे त्याच्या डोक्यातच आले नाही हो!

महिना सरता सरता गावात कुजबुज सुरू झाली. ज्याने खताची चौकशी केली त्याच्या घरभर खताच्या जाहिराती. जिने गुडघेदुखीवर काही वाचले तिच्या नातवाच्या मोबाइलवर गुडघ्याचे पट्टे. आधी लोक हसले. मग कुणीतरी श्रीरंगलाच गाठले आणि त्याने, खोटे बोलणे स्वभावात नसल्यामुळे, सगळे सांगून टाकले. झाले! रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात ग्राहकांची सभा भरली. पाय ठेवायला जागा नव्हती. व्यापारीही कराराचा कागद घेऊन हजर होता. श्रीरंगने सही केली तर पेटी कायमची राहणार. आणि सही केली तर आम्ही केबल तोडणार, असे निम्मे गाव दारातच ओरडत होते. वीस वर्षांचा धंदा आणि वीस वर्षांचे नाव, दोन्ही त्या एका कागदावर येऊन बसले होते.

“अरे, आमच्या घरात डोकावायची तुला परवानगी दिली कुणी?” एक आजोबा कडाडले.

“काका, मी डोकावत नाही. यंत्र टिपतं. आणि नावं नाहीत त्यात, फक्त नंबर आहेत!”

“ज्यांना नको असेल त्यांनी रीतसर अर्ज करावा,” व्यापारी हसून म्हणाला. “आम्ही लगेच वगळू.”

तेवढ्यात दिगंबर सुतार उभा राहिला. हा माणूस चार माणसांत कधी तोंड उघडत नसे.

“मी बोलतो,” तो म्हणाला. “वडिलांना कॅन्सर निघालाय. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात सांगू नका, धसका घेतील. घरात कुणी बोललं नाही. मी गुपचूप माझ्या मोबाइलवर दवाखाने शोधत होतो. आणि मंगळवारी अण्णांनी त्यांचा मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यावर कॅन्सरच्या दवाखान्यांच्या जाहिराती, एकाखाली एक. म्हणाले, ‘दिगू, मला काय झालंय रे?’ आता सांगा साहेब, अर्ज कुणी करायचा होता? मी की अण्णांनी?”

सभागृहात असा गदारोळ उठला की फळ्यावरचा डस्टर खाली पडला.  दिगंबरचे वडील श्रीरंगचे शेजारी होते. तरीही तो पुन्हा म्हणाला, “पण नाव... नाव कुठंच नव्हतं...” त्याला खरोखर कळत नव्हते, आपले चुकले कुठे.

तेव्हा मागच्या बाकावरून यमुनाबाई उठल्या. ऐंशीच्या घरातली बाई, काठी टेकत पुढे आली. लोकांनी वाट करून दिली. आता बाई शिष्याला चांगली फैलावर घेणार म्हणून सगळे सरसावून बसले. बाईंनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाल्या,

“श्रीरंगचं बरोबर आहे.”

लोक चाट! बाईंनाही विकत घेतले की काय, असे कुणीतरी बोललेसुद्धा.

“नाव नसलं तर बिघडतं काय?” बाई शांतपणे पुढे बोलू लागल्या. “एकतीस वर्षं गावाचं बोलणं माझ्या कानाशी होतं. आता वय झालं. म्हटलं, जाण्यापूर्वी सगळं सांगून मोकळं व्हावं. नाव एकाचंही घेणार नाही. फक्त नंबर. चालेल ना?” आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी सुरुवात केली. “नंबर बारा.”

“बारा म्हणजे डॉक्टर!” एक म्हातारे उत्साहाने ओरडले. हशा पिकला. डॉक्टरांचा मुलगा मात्र हसला नाही.

“नंबर एकतीस.”

“वखारवाले! वखारवाले!” आता चार जण ओरडले. वखारवाल्यांची सून उभी राहिली. “बाई, हे काय चालवलंय? माझे सासरे वारलेत, त्यांच्यामागे हे कशाला?” माणसे एकमेकांकडे पाहू लागली. त्या काळी गावात शंभरसव्वाशे फोन. जुन्या लोकांना सगळे नंबर पाठ. प्रत्येक जण मनात आपल्या घराचा नंबर आठवू लागला.

“नंबर सत्तेचाळीस,” बाई म्हणाल्या.

“घड्याळवाले,” कुणीतरी हळूच म्हटले. या वेळी कुणी ओरडले नाही. सगळ्या माना श्रीरंगकडे वळल्या, कारण घड्याळवाले म्हणजे श्रीरंगचे वडील.

“सत्तेचाळीस नंबरवरून दर गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास, दुकान बंद असताना, एक बाईमाणूस...”

“बाई!” श्रीरंग असा ओरडला की बाहेरची माणसे खिडकीशी धावली. “बाई, थांबा! माझी आई आहे ती!”

“मी कुठं नाव घेतलं?” बाई म्हणाल्या. “फक्त नंबर.”

 गुरुवारी दुपारी वडील घड्याळांचे सुटे भाग आणायला जात, हे श्रीरंगला आठवले. त्यापुढे काही आठवेना, आणि आठवू नये असेच त्याला वाटत होते.  तो खाली बसला.

बाईंचा स्वर आता मऊ झाला. “घाबरू नका कुणी. गुरुवारही माझा आणि तीनही माझेच, आत्ता मनाने रचले. तार जोडून झाली की मी कानावरचं यंत्र काढून ठेवत असे. आणि जोडता जोडता जे कानी पडलं, ते माझ्याबरोबर सरणावर जाईल. पण पाहिलंत ना? मी नंबर म्हटलं, आणि नाव तुम्ही घातलंत. नंबराला घर असतं बाबांनो, आणि घरात माणसं असतात. वाण्याला कळतं आपण काय नेलं, कारण आपण त्याच्या दुकानात गेलेलो असतो. श्रीरंग, आपण दुकान नव्हे. आपण वाट आहोत. लोक वाटेवर चालतात ते तिच्यावर विश्वास ठेवून. वाटेने चुगली केली तर माणसानं जायचं कुठून? आणि साहेब, नको असेल त्याने अर्ज करावा म्हणता? आधी हवं का विचारायचं असतं. कडी वाजवून मग आत यायचं, ही साधी रीत आहे.”

कुणी टाळी वाजवली नाही. श्रीरंग उठला, तो थेट दिगंबरपुढे जाऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, “चुकलं माझं. अण्णांची माफी मागायला येतो.” मग व्यापाऱ्याचा कागद त्याने सही न करता परत दिला आणि पेटी काढायला निघाला. तेव्हा मात्र सभागृहाने असा जल्लोष केला म्हणता! पोरेटोरे, म्हातारेकोतारे, सगळा गाव त्याच्यामागे निघाला. त्याने स्वतःच्या हाताने ती पेटी सोडवली, महिनाभराचे टिपण सगळ्यांसमक्ष पुसले आणि पेटी व्यापाऱ्याच्या गाडीत नेऊन ठेवली. टिपणातले जे व्यापाऱ्याकडे आधीच गेले होते, ते मात्र कुणालाच परत आणता आले नाही.

गर्दी पांगल्यावर श्रीरंग बाईंना घरी सोडायला निघाला.  वाटेत त्याला राहवेना.

“बाई, ते गुरुवारचं... खरंच मनचं होतं ना?”

बाई थांबल्या. “तुला कळून काय करायचंय?” त्या म्हणाल्या. “काही असेल तर ते तिचं आहे. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.”

श्रीरंग घरी आला. आई ओट्यापाशी शेंगा सोलत बसली होती. तो तिच्याजवळ बसला, चार शेंगा स्वतःही सोलल्या. तिने विचारले, “काय रे, काही विचारायचंय का?”

“नाही,” तो म्हणाला. “चहा टाकू?”